यंत्र कचरा वेगळा करील, पण ओला कचरा त्यात मिसळला नाही तरच

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मिश्र घरगुती कचऱ्यातून कामाचा माल वेगळा काढणाऱ्या आधुनिक प्रकल्पांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : 'आता यंत्रच सगळे वेगळे करणार, नागरिकांनी दोन डबे ठेवायची गरज नाही.' या वाक्याच्या भरवशावर निविदा निघतात, मोठमोठी यंत्रे बसतात आणि पुढे माल वाहून नेणारे पट्टे थांबतात. यंत्रे वाईट असतात म्हणून असे होत नाही. चुंबक, हवेचे झोत, प्रकाशावरून प्लॅस्टिकची जात ओळखणारी उपकरणे आज खरोखर उत्तम काम करतात. मात्र माल कोरडा, सुटा आणि पट्ट्यावर एका थरात पसरलेला येईल, असे गृहीत धरूनच यातले बहुतेक यंत्र बनवलेले असते. या तीन अटी कुठे आणि कशा मोडतात हे समजून घेतल्याशिवाय अशा प्रकल्पात सार्वजनिक पैसा घालू नये, असे आमचे ठाम मत आहे. म्हणून हे सविस्तर पत्र.

नुकसानीची सुरुवात प्रकल्पाच्या फाटकाबाहेरच होते. कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत एका घनमीटरला ४०० ते ६०० किलो माल बसतो. त्या दाबाखाली खरकट्यातले पाणी पिळून निघते आणि शेजारचा कागद-पुठ्ठा ते शोषून घेतो. कागद कारखान्याला रद्दी साधारण १० टक्के ओलाव्याची हवी असते. त्यावरच्या पाण्याचे वजन कापले जाते किंवा अख्खा माल परत येतो. खरकट्याच्या पाण्यात भिजलेला पुठ्ठा वाळवला तरी तेल आणि बुरशी जात नाही. म्हणजे वर्गीकरणाच्या पट्ट्यावर पोचण्याआधीच कागदाची किंमत गेलेली असते. काचेचेही तसेच. गाडीत फुटलेल्या काचेचे बारीक तुकडे ओल्या कचऱ्यात रुततात आणि पुढे थेट कंपोस्टमध्ये निघतात. यावर नंतरच्या कोणत्याही यंत्राकडे पूर्ण इलाज नाही.

प्रकल्पात कचरा उतरला की पहिले काम पिशव्या उघडण्याचे. इथे एक महागडी चूक होते : पिशवी फोडणाऱ्या यंत्राऐवजी तुकडे करणारे श्रेडर बसवतात, कारण एकाच यंत्रात दोन कामे होतील असे वाटते. श्रेडरने बाटलीचे दहा तुकडे होतात, बॅटऱ्या चिरडल्या जातात, काचेचा चुरा सगळ्या मालात पसरतो आणि पुढच्या उपकरणांना एका वस्तूऐवजी दहा वस्तू ओळखाव्या लागतात. पिशवी फोडणारे यंत्र हळू फिरते, त्याच्या दातांमध्ये मोकळी जागा असते, पिशवी फाटते आणि आतली वस्तू शाबूत राहते. वर्गीकरणाआधी श्रेडर असेल, तर त्या आराखड्याकडे संशयाने पाहावे. त्याची जागा शेवटी, जळण म्हणून द्यायच्या मालाजवळ.

पुढची पायरी ट्रॉमेल, म्हणजे फिरते पिंपासारखे चाळण. मिश्र कचऱ्यासाठी बहुधा ६० ते ८० मिलिमीटरची भोके ठेवतात. खालून अन्नकण, माती, काच, झाकणे पडतात. वरचा मोठा माल पुढे सरकतो. त्याची गती काढायचे सूत्र साधे आहे. ४२.३ या आकड्याला पिंपाच्या मीटरमधील व्यासाच्या वर्गमुळाने भागले की मिनिटाचे किती फेरे झाल्यावर माल भिंतीला चिकटूनच फिरत राहील, ते कळते. अडीच मीटर व्यासासाठी ते सुमारे २७ फेरे. चाळण याच्या निम्म्याहून थोडे कमी, म्हणजे ११ ते १३ फेऱ्यांनी चालवतात. मग माल भिंतीबरोबर वर चढतो, वरून खाली पडतो आणि पडताना सुटा होतो. गती वाढवून जास्त टन काढू पाहिले की हे पडणेच कमी होते आणि अन्नकण कागदाबरोबर पुढे निघून जातात.

ट्रॉमेलची खरी दुखणी दोन. कचरा ओला असला की चिकट लगदा भोकांच्या कडांवर बसत जातो. ७० मिलिमीटरचे भोक काही तासांतच ४०-५० चे होते आणि चाळण नावापुरती उरते. दुसरे म्हणजे चिंध्या, दोऱ्या, वायरी, लांब प्लॅस्टिक. यातले एक टोक एका भोकात आणि दुसरे शेजारच्या भोकात शिरले की मधला भाग आडवा बसतो. त्यावर पुढची चिंधी अडकते, तिच्यात पातळ पिशवी, पिशवीत ओला कागद. पाळी संपेपर्यंत पिंपाच्या आत जाड गोधडी तयार होते. ती काढायला यंत्र बंद करून, वीज तोडून, कुलूप लावून माणसाला आत उतरावे लागते आणि हातातल्या सुरीने एकेक पीळ कापावा लागतो. या सफाईचा वेळ वेळापत्रकात धरलेला नसेल, तर सफाई होतच नाही. दोन पाळ्या चालवून तिसरी पाळी फक्त सफाई आणि देखभालीला देणारे नियोजनच आम्हाला विश्वासार्ह वाटते. चोवीस तास यंत्र चालवून दाखवणारा आराखडा कागदावरच चालतो.

चाळणीनंतर बॅलिस्टिक सेपरेटर. उताराच्या फळ्या पुढेमागे हलत असतात. कागद, पिशव्या असा चपटा माल वर सरकतो, बाटल्या-डबे असा गोल माल खाली घरंगळतो. ओला कागद जड होऊन बाटल्यांबरोबर खाली येतो आणि पूर्ण चपटी झालेली बाटली कागदाबरोबर वर जाते. फळ्यांचा कोन बदलून हे काही प्रमाणात सावरता येते, म्हणून कोन बदलण्याची सोय असलेलेच यंत्र घ्यावे.

लोखंडासाठी पट्ट्यावर चुंबक टांगतात. चुंबक पट्ट्याच्या मध्यावर आडवा लावण्यापेक्षा, जिथे माल पट्ट्यावरून खाली पडतो त्या टोकाला लावला तर जास्त लोखंड मिळते, कारण हवेत असताना डब्यावर वरचा कचरा दाबून बसलेला नसतो. ॲल्युमिनियमसाठी एडी करंट यंत्र लागते. पट्ट्याच्या टोकाच्या ढोलात चुंबकांचा रोटर मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी फिरतो. त्या बदलत्या क्षेत्रामुळे ॲल्युमिनियममध्ये विद्युतप्रवाह उत्पन्न होतो आणि डबा पुढे उडी मारतो. बाकीचा माल सरळ खाली पडतो आणि मधली पत्र्याची फळी दोघांना वेगळे करते. या यंत्राच्या आधी लोखंड पूर्ण काढलेच पाहिजे. एखादा खिळा किंवा झाकण ढोलाला चिकटून राहिले, तर तापून पट्ट्याला आणि ढोलाच्या कवचाला भोक पाडते. पातळ ॲल्युमिनियम फॉइलला पुरेशी उडी मिळत नाही, आणि प्लॅस्टिकच्या थरांमध्ये दडलेले ॲल्युमिनियम तर बहुतेक निसटतेच. पण डबे मिळवण्यासाठी हे यंत्र सोन्यासारखे आहे : नव्याने धातू बनवण्याच्या तुलनेत भंगारापासून ॲल्युमिनियम करताना सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते.

आता ज्याला लोक 'कृत्रिम डोळा' म्हणतात त्याकडे येऊ. प्लॅस्टिकची जात ओळखणारे उपकरण माणसाला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाच्या दृश्य प्रकाशाजवळच्या भागात, साधारण ९०० ते १७०० नॅनोमीटरमध्ये पाहते. पेट (पाण्याच्या बाटल्यांचे प्लॅस्टिक), पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन यांचे रेणू या प्रकाशातल्या वेगवेगळ्या लांबीच्या लहरी शोषतात, त्यावरून ओळख पटते. पट्टा सेकंदाला सुमारे ३ मीटर धावतो. डोळ्यापासून हवेच्या झोतापर्यंत मीटरभर अंतर धरले, तर ओळखणे, जागा ठरवणे आणि वस्तू फळीपलीकडे उडवणारा नेमका झोत उघडणे, हे सगळे एक तृतीयांश सेकंदात व्हायचे असते. दोन मीटर रुंद पट्ट्यावर ३१ मिलिमीटर अंतराने सुमारे ६४ झोत असतात.

एक लिटरची रिकामी पेट बाटली साधारण २५ ते ३० ग्रॅमची. तिच्यात पाव भाग पाणी राहिले आणि झाकण घट्ट असले, तर तिचे वजन २७५ ग्रॅमच्या पुढे जाते. डोळा तिला बरोबर 'पेट' म्हणून ओळखतो, झोतही वेळेवर सुटतो, पण रिकाम्या बाटलीसाठी ठरवलेल्या झोताला दहापट वजन उचलत नाही. बाटली माल वेगळा करणाऱ्या फळीच्या अलीकडेच पडते आणि टाकाऊ मालात जाते. याउलट, गोल रिकामी बाटली वेगाच्या पट्ट्यावर घरंगळते. डोळ्याने तिला जिथे पाहिले तिथे ती झोतापर्यंत पोचताना नसतेच. बाटली रिकामी करून, थोडी चेपून टाका, असे सांगण्यामागे हे साधे भौतिकशास्त्र आहे.

डोळ्याच्या आणखी मर्यादा. काजळीच्या रंगाने काळे केलेले प्लॅस्टिक हा प्रकाश गिळून टाकते, त्यामुळे नेहमीच्या उपकरणाला ते जवळजवळ दिसत नाही. बाटलीभर वेढलेले वेष्टन वेगळ्या प्लॅस्टिकचे असेल तर डोळा वेष्टनच वाचतो. अनेक थरांच्या पाकिटाचा फक्त वरचा थर कळतो. पाणी याच प्रकाशात १४५० नॅनोमीटरच्या आसपास जोरात प्रकाश शोषते, म्हणून ओल्या मालाची ओळख धूसर होते. आणि बाटलीला ओला कागद चिकटला असेल तर उपकरण तिला कागद समजते. शिवाय देखभाल. काचेवरची धूळ प्रत्येक पाळीत पुसावी लागते, दिवे जुने होत जातात तसे उपकरण पांढऱ्या संदर्भ-फरशीवर पुन्हा जुळवून घ्यावे लागते, आणि झोताची हवा कोरडी लागते. हवेतले पाणी झोत उघडणाऱ्या झडपांत शिरले की एखादी झडप चिकटते आणि पट्ट्याच्या त्या ३१ मिलिमीटरच्या पट्टीतला सगळा माल दिवसभर निसटत राहतो, कोणाच्या लक्षातही न येता. म्हणून प्रत्येक झडप रोज एकेक करून उघडून पाहायची. हे काम पाच-दहा मिनिटांचे आहे, पण ते ठरावीक माणसाच्या नावावर लिहिलेले असावे लागते.

आता थोडे गणित, कारण फसगत बहुधा गणितातच होते. 'आमचे यंत्र ९० टक्के पेट पकडते' हा दावा एका यंत्रापुरता खरा असतो. पण बाटलीला ट्रॉमेल, बॅलिस्टिक, प्रकाशीय उपकरण आणि शेवटची हाताची तपासणी या चारही पायऱ्या ओलांडायच्या असतात. त्यांत अनुक्रमे ८५, ९०, ९० आणि ९५ टक्के बाटल्या योग्य बाजूला गेल्या असे धरा. गुणाकार केला की हाती ६५ टक्के येतात. प्रत्येक पायरी चांगली असूनही एक तृतीयांशाहून जास्त माल गेला. शुद्धतेचेही असेच. पट्ट्यावर १०० किलोत १० किलो पेट आहे, यंत्र त्यातले ९० टक्के उडवते आणि बाकीच्या ९० किलोंतले फक्त २ टक्के चुकून उडवते, असे समजू. मग टोपलीत ९ किलो पेट आणि १.८ किलो परका माल. शुद्धता ८३ टक्के. एवढ्यावर कोणी पुनर्चक्रण करणारा माल घेत नाही, म्हणून दुसऱ्यांदा यंत्रातून काढावा लागतो आणि आणखी थोडी पेट हातची जाते. पट्ट्यावर माल एका थरात नसेल तर हे २ टक्के सहज दुप्पट-तिप्पट होतात.

शुद्धतेचा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. पीव्हीसी या दुसऱ्या प्लॅस्टिकचे उदाहरण घ्या. पेट २६० अंशांच्या वर वितळवतात; त्या तापमानाला पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटते आणि सगळी पेट पिवळी, ठिसूळ होते. दोघांची घनता जवळपास सारखी, म्हणून पाण्यात टाकून वेगळे करायची सोय नाही. दोन्ही बुडतात. किरकोळ प्रमाणसुद्धा अख्खा घाणा बिघडवते. चीनने २०१८ मध्ये आयात भंगारातल्या परक्या मालाची मर्यादा ०.५ टक्क्यावर आणली, तेव्हा जगभरचे गठ्ठे बंदरांवर अडकले ते याच कारणाने : गठ्ठ्यांत माल होता, शुद्धता नव्हती.

शेवटच्या तपासणीला माणसे लागतातच. माणूस मिनिटाला ३० ते ४० वस्तू उचलू शकतो, पण पट्टा कमरेच्या उंचीचा, हात पोचेल एवढ्याच रुंदीचा आणि हळू असेल तरच. वरून ताजी हवा, सुई आणि काच न टोचणारे हातमोजे, धनुर्वात आणि हिपॅटायटिस बीची लस या गोष्टी उपकार म्हणून द्यायच्या नाहीत. त्या यंत्रसामग्रीइतक्याच खर्चात धरायच्या. ज्या शहरांत कचरावेचक आधीच बाटल्या-डबे उचलतात, तिथे प्रकल्पाच्या उत्पन्नात तोच माल पुन्हा मोजलेला असतो. माल पट्ट्यावर येत नाही आणि हिशेब कोसळतो. वस्तू हातात घेताच तिची जात ओळखणारी ही माणसे तपासणीच्या पट्ट्यावर, पगारी आणि सुरक्षित कामावर घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

आगीबद्दल वेगळे बोलायलाच हवे. लिथियम बॅटरी चिरडली की आतल्या आत पेटते आणि तिला बाहेरच्या हवेची वाट पाहावी लागत नाही. नळीच्या आकाराच्या बऱ्याच बॅटऱ्यांचे कवच पोलादी असते. चुंबक त्यांना प्रामाणिकपणे लोखंडात पाठवतो आणि तिथून त्या गठ्ठे बांधणाऱ्या प्रेसखाली जातात. धूर दिसेपर्यंत उशीर होतो, म्हणून उतरवण्याच्या जागेवर उष्णता पाहणारे कॅमेरे हवेत, ढीग ३-४ मीटरपेक्षा उंच नको, ढिगांमध्ये गाडी जाईल एवढी मोकळी जागा हवी, आणि आधी आलेला माल आधी उचलला गेला पाहिजे. बॅटऱ्यांसाठी नागरिकांना वेगळी पेटी देणे यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते.

गठ्ठ्यांची एक छोटी गोष्ट : झाकणबंद बाटल्या दाबल्या तरी आतली हवा त्यांना पुन्हा फुगवते आणि तारा तुटतात. प्रेसच्या आधी बाटल्यांना भोके पाडणारे यंत्र लागते. आराखड्यात ते बऱ्याचदा विसरलेले असते.

आता चाळणीखाली पडलेला ओला भाग. मिश्र कचऱ्यातून काढलेल्या या मालाचे कंपोस्ट शेतात टाकू नये असे आम्ही स्पष्ट म्हणतो. त्यात काच, प्लॅस्टिकचे बारीक तुकडे आणि जड धातू असतात आणि ते नंतर निघत नाहीत. युरोपीय संघाने ठरवले आहे की १ जानेवारी २०२७ पासून जैविक कचरा उगमाशीच वेगळा केलेला किंवा वेगळा गोळा केलेला असेल तरच तो पुनर्चक्रणाच्या टक्केवारीत धरला जाईल. मिश्र कचरा चाळून केलेले 'कंपोस्ट' मोजणीतूनच बाद.

जगात दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात माँटगोमेरी शहरात सगळा कचरा एकत्र घेऊन यंत्राने वेगळा करणारा प्रकल्प २०१४ मध्ये सुरू झाला आणि २०१५ मध्ये बंद पडला. भंगाराचे भाव उतरले आणि उत्पन्नाचा हिशेब जुळेना. नॉर्वेत ऑस्लोजवळ २०१४ मध्येच उभ्या राहिलेल्या प्रकल्पात रहिवासी अन्नकचरा हिरव्या पिशवीत घट्ट बांधून टाकतात. यंत्र आधी त्या हिरव्या पिशव्या काढते आणि उरलेल्या कचऱ्यातून प्रकाशीय उपकरणे प्लॅस्टिक वेचतात. दोन्हींना डबा एकच, गाडी एकच, तरी ओला कचरा बाकीच्या मालाला लागत नाही. यंत्रांवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावे. तिथेही पहिले वर्गीकरण स्वयंपाकघरातच होते.

म्हणून निविदा काढणाऱ्यांना आमची कळकळीची विनंती आहे. आधी स्वतःच्या शहराचा कचरा मोजा : वेगवेगळ्या वस्त्यांतून आणि वेगवेगळ्या ऋतूंत साधारण १०० किलोचा एकेक असे भरपूर नमुने हाताने वेगळे करून, ओलावा वेगळा नोंदवून. दुसऱ्या शहराची टक्केवारी उचलून यंत्रांची क्षमता ठरवू नका. यंत्रात माल जाण्याआधी तो समान पसरवणारे फीडर आराखड्यात आहे का पाहा. लोडरने ढीग ओतला की पट्ट्यावर डोंगर आणि दरी तयार होतात आणि एका थराची अट मोडते.

पैसे कशाचे द्यायचे, यात तर सगळे आले. 'प्रक्रिया केलेल्या' टनाला पैसे दिले की कंत्राटदार तासाला ३० टनांच्या यंत्रात ४० टन ओतणार, कारण त्यात त्याचा फायदा आहे. टन वाढतात आणि बाटल्या टाकाऊत जातात. पैसे विक्री झालेल्या, शुद्धतेच्या चाचणीत उतरलेल्या मालाला द्या, आणि टाकाऊ म्हणून भरावभूमीत गेलेल्या टनामागे कपात ठेवा. दर महिन्याला वजनाचा ताळेबंद जाहीर व्हावा : किती टन आत आले, प्रत्येक जातीचा किती माल विकला, किती जळणाला गेला, किती पुरला, किती पाणी म्हणून उडाले. जळणाला दिलेला माल आणि उडालेले पाणी 'पुनर्प्राप्ती'त धरू देऊ नका. त्या दोन आकड्यांवरच ९५ टक्क्यांचे दावे उभे असतात. प्रकल्प ताब्यात घेण्याआधीची स्वीकृती चाचणी वर्षातल्या सगळ्यात ओल्या आठवड्यात, शहराच्या स्वतःच्या कचऱ्यावर, सलग काही दिवस घ्या, आणि नमुने कंत्राटदाराने नव्हे तर तिसऱ्याच कोणी काढलेले असू द्या. गठ्ठा मधोमध फोडून नमुना घ्यावा. वरचा थर नेहमीच स्वच्छ असतो.

कळावे,
घनकचरा प्रक्रियेत काम करणारे काही तंत्रज्ञ